बघ्यांचं बंदर

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या साँ-त्रोपे गावाला रेल्वे जात नाही. विमानतळ गावाला लागून नाही. मुख्य रस्ता म्हणावा तर एकच, आणि तोही आखाताच्या टोकाशी ला फू नावाच्या चौकात उन्हाळ्याच्या दिवसांत असा तुंबतो की शेवटचे पाचेक किलोमीटर कापायला तास सहज जातो. त्या रांगेत भाजीचा टेम्पो असतो, साँ-राफाएलहून निघालेली बस असते आणि बसच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरणारी लांबोर्गिनी असते. बसमधली शाळकरी पोरं मागच्या काचेला नाकं लावून तिचे फोटो काढत असतात. लांबोर्गिनीवाल्याला त्याचं काहीच वाटत नाही. उलट रस्ता मोकळा असता आणि कुणी न बघताच तो भुर्रकन गावात पोचला असता, तर त्याचा हिरमोड झाला असता.

माझी भाची मुक्ता आँतीबजवळच्या सोफिया अँतिपोलिस या तंत्रज्ञान वसाहतीत नोकरी करते. पाइनच्या झाडीत वसवलेल्या या वसाहतीत भारतीय आयटीवाले बरेच. गणपतीत घरोघरी मोदकही होतात म्हणे. मी जूनमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा नीस, कान, मोनाको हे नेहमीचं सगळं यादीत होतंच. साँ-त्रोपेचं नाव काढलं तशी ती म्हणाली, "मावशी, तिथे काय आहे? नुसती गर्दी आणि श्रीमंतांचा थाट."

"तोच बघायचाय," मी म्हटलं. बँकेत पस्तीसेक वर्षं लोकांचे पैसे मोजलेल्या बाईला, ते पैसे शेवटी जातात कुठे हे बघायची उत्सुकता असणार नाही तर कोणाला?

आम्ही बसने साँत-माक्सिमपर्यंतच गेलो आणि तिथून बोट धरली. शहाणपणाचा मार्ग हाच. पंधरा मिनिटांत आखात ओलांडून बोट समोरच्या काठाला लागते, आणि येताना गाव समुद्रातून दिसतं, जसं ते दिसायला हवं. गेरू आणि पिवळ्या रंगातला चर्चचा मनोरा, त्याच्या अंगाखांद्यावर दाटीवाटीने बसलेली गुलाबी-नारिंगी घरं, वर टेकडीवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला षटकोनी किल्ला. या किनाऱ्यावरची बहुतेक गावं दक्षिणेकडे तोंड करून उन्हं अंगावर घेतात. साँ-त्रोपेचं बंदर मात्र उत्तरेकडे बघतं. त्यामुळे मिस्ट्राल वारा सुटला की तो थेट धक्क्यावर थडकतो, पण संध्याकाळची तिरपी उन्हं घरांवर पडतात तेव्हा सगळी ओळच्या ओळ आतून दिवा लावल्यासारखी दिसते. चित्रकार इथे का अडकले, ते कळायला चित्रकलेतलं काही कळावं लागत नाही.

गंमत म्हणजे धक्क्यावरची ही जुनीपुराणी ओळ तितकीशी जुनी नाही. ऑगस्ट 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा जर्मनांनी जाता जाता बंदर सुरुंग लावून उडवलं. युद्धानंतर गावकऱ्यांनी काचेच्या नि सिमेंटच्या इमारती न उभारता होतं तसंच परत बांधायचं ठरवलं. म्हणजे हजारो लोक ज्या 'मूळ' कोळीवाड्याचे फोटो काढतात त्याचा बराच भाग माझ्यापेक्षा फार मोठा नाही. गावाबद्दल मला पहिला आदर वाटला तो इथे. आपलं भांडवल काय आहे हे त्यांना त्या ढिगाऱ्यातही कळलं होतं.

आता यॉट. त्यांच्याबद्दल लिहायचंच नाही असं ठरवलं होतं, पण धक्क्यावर पाऊल टाकलं की दुसरं काही दिसतच नाही. या बोटी आडव्या लावत नाहीत. नाक समुद्राकडे आणि पाठ धक्क्याकडे, अशा एकीला एक खेटून उभ्या करतात. जागा वाचते हे खरं. पण त्यामुळे बोटीचा मागचा सज्जा, जिथे मालक आणि पाहुणे जेवायला बसतात, तो धक्क्यावर चालणाऱ्या माणसापासून जेमतेम चार-पाच पावलांवर येतो. वर पांढऱ्या टेबलक्लॉथवर कोळंबी खाणारे, खाली आईस्क्रीम चाटत त्यांच्याकडे बघणारे. मध्ये एक चिंचोळी शिडी आणि शिडीच्या पायथ्याशी वेताची टोपली. टोपलीत चपला, कारण सागवानी डेकवर अनवाणीच जायचं असतं. एका टोपलीत सोनेरी टाचांचे बूट, बाळाचे निळे क्रॉक्स आणि अंगठ्याजवळ शिवण उसवलेले जुनाट कॅनव्हासचे बूट होते. ते तिसरे कोणाचे असतील यावर मुक्ताचं आणि माझं एकमत होईना. ती म्हणे खलाशाचे. मी म्हटलं, मालकाचे. खलाशाला असले बूट घालायची परवानगी कोण देईल?

खलाशी पोरं-पोरी मात्र बघण्यासारखी. वीस-बावीसची वयं, पांढरे शर्ट, हातात मऊ चामड्याचा तुकडा. स्टीलच्या कठड्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब वाळून डाग पडला होता. त्या मुलीने तो पुसला, मान कलती करून उजेडात पाहिलं, परत पुसला. वरच्या टेबलावर कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. खालून आम्ही तीस-चाळीस लोक बघत होतो.

मला खरी मजा आली ती बोटींच्या पाठीवरची अक्षरं वाचण्यात. नावाखाली नोंदणीचं बंदर लिहिलेलं असतं. जॉर्ज टाउन. व्हॅलेटा. डग्लस. परत जॉर्ज टाउन. केमन बेटं, माल्टा, आइल ऑफ मॅन. मोठ्या बोटींपैकी एकीवरही साँ-त्रोपे काही सापडेना. बँकेतल्या माणसाला एवढं पुरे. बोट इथे, मालक तिसरीकडे, आणि कागद अशा बेटावर की जिथे ती बोट बहुधा कधी गेलीही नसेल. मी एकेक नाव मोठ्याने वाचत चालले होते, शेवटी मुक्ता म्हणाली, "मावशी, इन्स्पेक्शनला आलीयस का?"

धक्क्यावर सेनेकिए नावाचं कॅफे आहे, 1887 सालचं. आधी मिठाईचं दुकान होतं, तिथलं नुगा अजून प्रसिद्ध आहे. आता त्याच्या लालभडक खुर्च्या प्रसिद्ध आहेत. त्या समोरासमोर मांडत नाहीत. सगळ्यांची तोंडं बंदराकडे, नाटकाच्या प्रेक्षागारासारखी. दोन कॉफ्यांचं बिल देताना मी मनात ठाण्यातल्या थाळ्यांचा हिशोब केला आणि मग सोडून दिला. ते भाडं खुर्चीचं होतं. आणि खुर्चीवरून दिसत काय होतं, तर पलीकडे यॉटवर बसून आमच्याकडे बघणारे लोक. मला तर वाटतं या गावात बघणारा आणि दिसणारा यांची वाटणी कधी झालीच नाही. वेळ पडेल तसं जो तो आलटून पालटून दोन्ही कामं करतो.

धक्क्याच्या मागेच एका कमानीखाली मासळी बाजार आहे. बाजार म्हणजे मोजून काही ओटे, भिंतीवर माशांची मोझॅक चित्रं, बर्फावर तारल्या, लाल काटेरी रास्कास, चंदेरी दोराद. आपल्याकडच्या कोळणीसारखा आरडाओरडा नाही, पण गिऱ्हाइकाने माशाचा कल्ला उचलून बघितला की बाईच्या कपाळावर आठी तीच. उरलेल्या मच्छीमारांच्या 'पोंतू' नावाच्या छोट्या लाकडी होड्या बंदराच्या एका कोपऱ्यात उभ्या असतात, निळ्या-पांढऱ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. आजूबाजूच्या यॉटच्या जेवणाच्या टेबलाएवढी एकेक होडी. फोटो त्यांचेच जास्त निघतात.

या काही हजार वस्तीच्या गावाचं पोट निव्वळ थाटमाटावर चालतं असंही नाही, आणि हे मला कुठल्या पर्यटन पुस्तिकेत दिसलं नाही. आखाताच्या आतल्या बाजूला, गासँ गावच्या हद्दीत पण साँ-त्रोपेच्या वेशीवर, पाणतीरांचा कारखाना आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून तिथे टॉर्पेडो बनतात. गावातल्या कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या पगारावर दिवस काढले. आज तो नेव्हल ग्रुपकडे आहे, म्हणजे ज्यांच्या आराखड्यावर माझगाव गोदीत आपल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्या बांधल्या तीच कंपनी. माझगावला रोज डबा घेऊन जाणाऱ्या कामगाराला आपले दूरचे सोयरे साँ-त्रोपेत राहतात याची कल्पना नसावी.

चित्रकारांची गोष्ट 1892 पासून सुरू होते. पॉल सिन्याक स्वतःची शिडाची बोट हाकत इथे आला आणि राहिला. तेव्हा हे विसरलेलं बंदर होतं, स्वस्त आणि शांत. त्याच्या मागे इतर आले. 1904 चा उन्हाळा मातिसने इथेच काढला आणि ठिपक्याठिपक्यांनी रंगवण्याची सिन्याकची पद्धत शिकून घेतली, मग पुढे सोडूनही दिली. त्या सगळ्यांची चित्रं बंदरालगतच्या एका जुन्या चॅपेलमध्ये, आनोंसियाद संग्रहालयात आहेत. जागा लहान, गर्दी नाही. बाहेर यॉटभोवती माणसांचा गराडा आणि आत सिन्याकने काढलेलं तेच बंदर, समोर एक बाक, बाकावर आम्ही दोघीच. चित्रातलं पाणी जांभळं-नारिंगी आहे. खिडकीतून खरं पाणी दिसतं, तेही त्या वेळी तसंच होतं. मुक्ताने दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा फोन पर्समध्ये राहिला. इथून 1961 च्या जुलैत चोरांनी एका रात्रीत 57 चित्रं पळवली होती. वर्षभराने ती एका धान्याच्या कोठारात सापडली. चोरायला चोरली, पण विकणार कोणाला? जगाने पाहिलेली वस्तू लपवून विकणं कठीणच.

मग आला सिनेमा. दिग्दर्शक रॉजे वादीमने अभिनेत्री ब्रिजीत बार्दोला घेऊन इथे चित्रीकरण केलं, 1956 साली सिनेमा झळकला, आणि सिन्याकचं स्वस्त-शांत बंदर कायमचं संपलं. त्या युनिटला खाऊ घालणाऱ्यांमध्ये पोलंडहून आलेला आलेक्साँद्र मिका नावाचा बेकरीवाला होता. साखरेचे खडे पेरलेला मोठा गोल ब्रिऑश, म्हणजे गोडसर पाव, मधोमध कापून त्यात क्रीम भरायचं, ही त्याच्या आजीची पाककृती. बार्दोला ती एवढी आवडली की गावावरूनच तिला नाव दे म्हणाली. ला तार्त त्रोपेझियेन आज गल्लोगल्ली मिळते. मी खाल्ली. क्रीम हलकं, संत्र्याच्या फुलांचा वास, आणि खाताना ओठांवर साखर चिकटते, ती चारचौघांत पुसावी की चाटावी हा प्रश्न. गोडखाऊ माणसाला आवडेलच. मला अर्ध्यावर पुरे झाली.

त्याच युनिटने आणखी एक गोष्ट मागे ठेवली. पाँपलॉनच्या किनाऱ्यावर द कोलमाँ नावाचं कुटुंब साध्या झोपडीत राहायचं. जेवणासाठी जागा शोधणाऱ्या सिनेमावाल्यांना ती खानावळ वाटली. घरच्या बाईनेही नाही म्हटलं नाही, वाढलं. त्यातून 'क्लब 55' उभा राहिला, जिथे आज टेबल मिळायला आधी नाव नोंदवावं लागतं आणि शिवाय नाव असावंही लागतं. पाँपलॉन खरं तर साँ-त्रोपेत नाहीच, शेजारच्या रामात्युएलमध्ये आहे. जवळजवळ पाच किलोमीटर सलग वाळू. त्यावरच्या क्लबांनी वाळूच्या टेकड्यांची नासाडी केली होती. किनाऱ्याबद्दलचा 1986 चा फ्रेंच कायदा बराच काळ त्यांच्या वाटेला गेला नाही. शेवटी 2019 मध्ये जुनी बांधकामं पाडून क्लबांना मागे सरकवलं. नवीन सगळी लाकडी, सुटी करून नेता येतील अशी. आपल्या गोव्यातले परवानेवाले शॅक पावसाळ्याच्या तोंडावर गुंडाळतात, तसाच बेत. फरक एवढाच की गोव्यात शॅकच्या खाटेवर एक शहाळं घेऊन दुपार काढता येते, इथे खाटेचं भाडं ऐकून माणूस आपोआप चालत सार्वजनिक वाळूवर जातो. पाणी दोन्हीकडे तेच. आम्ही पंचा अंथरला, पराठे काढले. शेजारच्या मार्सेच्या कुटुंबाने लोणच्याची चौकशी केली.

इथवर मला हे गाव मजेशीर वाटत होतं, पण परकं. मग सुफ्रें भेटला.

बंदराच्या मधोमध त्याचा काशाचा पुतळा आहे. जिंकलेल्या तोफा वितळवून 1866 साली उभारला असं सांगतात. सुफ्रेंचं घराणं म्हणजे साँ-त्रोपेचे जहागीरदार. हा स्थूल, रागीट आरमारी अधिकारी 1782 आणि 1783 मध्ये आपल्या पूर्व किनाऱ्यावर आणि श्रीलंकेजवळ इंग्रजांशी एकामागून एक लढाया लढत होता: सद्रस, नागपट्टण, त्रिंकोमाली, कडलूर. कडलूरजवळ हैदर अली त्याला मुद्दाम येऊन भेटला. आता आपल्या बाजूने हेच साल बघा. 1782 च्या मे महिन्यात महादजी शिंद्यांनी इंग्रजांशी सालबाईचा तह केला आणि पुण्यात नाना फडणवीस त्यावर शिक्कामोर्तब करायला महिनोन्‌महिने टाळाटाळ करत होते, कारण हैदर आणि फ्रेंच अजून मैदानात होते. त्याआधी 1777 मध्ये साँ ल्युबाँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात येऊन राहिला होता. नानांनी त्याची अशी बडदास्त ठेवली की मुंबईकर इंग्रजांचं पित्त खवळलं. म्हणजे नाना ज्याच्या भरवशावर वेळ काढत होते, त्या आरमाराचा सरदार माझ्यासमोर उभा होता, डोक्यावर सीगल घेऊन. त्याच्या पायाशी मुलं सेल्फी काढत होती. कोणी वर बघत नव्हतं. साँ-त्रोपेत ज्याच्याकडे कोणी बघत नाही असा बहुधा हा एकटाच.

दुसरी ओळख याहून जवळची निघाली. शिंद्यांच्या पदरचा युरोपीय सेनानी द बॉइन्य आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. त्याच जातीचा, पण एक पिढी नंतरचा माणूस म्हणजे जाँ-फ्राँस्वा आलार. जन्म साँ-त्रोपेचा, 1785 चा. नेपोलियनच्या घोडदळात होता. नेपोलियन हरला तसा बेकार झाला आणि इराणमार्गे 1822 मध्ये लाहोरला पोचला. महाराजा रणजितसिंगांनी त्याला ठेवून घेतलं, त्याने घोडदळ युरोपीय पद्धतीने तयार करून दिलं. 1826 मध्ये त्याने चंब्याच्या बन्नू पानदेईशी लग्न केलं. तो चाळिशीचा, ती जेमतेम बारा वर्षांची. यावर आज कोणीही जे म्हणेल तेच मी म्हणते, आणि गावातले फलक याला प्रेमकहाणी म्हणतात तिथे माझी मान हलत नाही. नंतर ते एकमेकांवर जीव लावून राहिले असतीलही.

1835 च्या सुमारास तो बायको-मुलांना घेऊन जन्मगावी आला, तिच्यासाठी मोठं घर बांधलं आणि तिला नि मुलांना तिथे ठेवून एकटाच लाहोरला परतला. मुलं ख्रिस्ती म्हणून वाढावीत ही त्याची इच्छा. जानेवारी 1839 मध्ये तो पेशावरला वारला. त्याला लाहोरला पुरलं. बन्नू तेव्हा पंचविशीची होती. पुढे तिने कॅथलिक धर्म घेतला, मुलं मोठी केली आणि 1884 पर्यंत, म्हणजे आणखी पंचेचाळीस वर्षं, याच गावात राहिली. चंबा कधी पुन्हा पाहिलं नाही. ती रोज समुद्रावर येऊन जहाजाची वाट बघायची अशी आख्यायिका गावात सांगतात. मला नाही पटत. नवरा गेल्याचं तिला कळलेलं होतं, आणि पदरात मुलं असलेली बाई पंचेचाळीस वर्षं क्षितिजाकडे बघत बसत नाही. तिला दुधाचा हिशोब असतो, शिवणटिपण असतं, पोरांच्या शाळा असतात. समुद्रावर आली असेल तर वारा खायला आली असेल. बघणारे मात्र असणारच. बार्दोच्या सव्वाशे वर्षं आधी, या गल्ल्यांतून जाताना सगळ्या गावाने वळून बघावं अशी पहिली बाई हीच असणार, आणि तिला त्याची हौस असण्याचं काही कारण नव्हतं.

तिचं घर आता तिच्याच नावाचं महागडं हॉटेल आहे. आम्ही दारापर्यंत गेलो. दारावरच्या माणसाने फार अदबीने विचारलं, काही मदत करू का. तिथूनच परतलो. 2016 मध्ये गावात रणजितसिंग, आलार आणि बन्नू पानदेई यांचे अर्धपुतळे बसवले, तिथे मात्र कोणी अडवत नाही. आणि ती स्वतः आहे किल्ल्याखालच्या समुद्रालगतच्या दफनभूमीत. पांढऱ्या भिंती, पलीकडे लगेच पाणी. मुक्ताने पर्समधून राजगिऱ्याची वडी काढली, दोघींनी अर्धी-अर्धी खाल्ली. फुलं आणायची राहून गेली होती आणि जवळपास फुलवाला नव्हता.

बाजाराचं सांगायचं राहिलं. प्लास दे लीस हा प्लेन वृक्षांच्या सावलीतला चौक. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी तिथे आठवडी बाजार भरतो, एरवी म्हातारे लोखंडी गोळ्यांनी पेताँक खेळतात. बाजारात ऑलिव्ह, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या, आणि चामड्याच्या चपला. या गावची चप्पल प्रसिद्ध आहे: सपाट तळ, वर बारीक पट्ट्यांची गुंफण. रोंदिनी नावाचं घराणं 1927 पासून ती बनवतं. त्यांच्या दुकानातच कारागीर काम करतात. मी बराच वेळ बघत उभी राहिले. एप्रन घातलेल्या माणसाने पट्टी गिऱ्हाइकाच्या पायावर धरून अंगठ्याच्या नखाने खूण केली, आरीने भोक पाडलं, पट्टी तळातून ओढून घेतली, तोंडातून एकेक चूक, म्हणजे बारीक खिळा, काढून ठोकली. तोंडात चुका धरायची सवय सगळीकडे तीच. माझ्या पायात कोल्हापुरी होती. त्याचं लक्ष गेलं. त्याने बोटाने दाखवून काही विचारलं, मी चप्पल काढून हातात दिली. त्याने ती उलटी केली, वाकवली, कडेची चामडी वादीची शिवण नखाने चाचपली आणि मग तळभर शोधलं, पण खिळा सापडेना. त्याने शेजारच्याला हाक मारली. दोघांनी मिळून पाहिली. 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीची नक्कल झळकली आणि केवढा गदारोळ झाला. पण तिथल्या कोणी कोल्हापुरी अशी उलटी करून खिळा शोधला असता, तर मला तेवढा राग आला नसता. त्याच्या चपलेची किंमत दीडशे युरोंच्या पुढे होती. माझ्या चपलेची मी सांगितली नाही, उगीच आपल्या माणसांचा भाव पडायला नको.

शेवटच्या सकाळी आम्ही किनाऱ्याची पायवाट धरली. मच्छीमारांच्या जुन्या वस्तीपासून दफनभूमीच्या कडेने ती निघते आणि एकेका खाडीला वळसा घालत दूर सालाँच्या किनाऱ्याकडे जाते. पूर्वी या वाटेने जकातवाले तस्करांवर पाळत ठेवायचे, म्हणून ती अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. डावीकडे समुद्र, उजवीकडे जगातल्या महागात महाग बंगल्यांच्या भिंती. आणि तरी तुम्हाला कोणी हटकू शकत नाही. फ्रान्समध्ये 1976 च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनीतही तीन मीटर रुंदीची पट्टी पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी लागते. अपवाद आहेत, काही जुन्या घरांपाशी वाट आत वळते, पण वाट बंद होत नाही. एका ठिकाणी कुंपण, कॅमेरा, आतून भुंकणारा कुत्रा, आणि कुंपणाच्या बाहेर आम्ही, हातात केळं घेऊन. कानबिएच्या खाडीशी बार्दोने 1958 मध्ये घेतलेलं घर. पर्यटकांच्या बोटी भोंग्यावर माहिती सांगत त्याच्यासमोरून फेऱ्या मारतात आणि सगळे डेकच्या एका बाजूला जमतात. दिसते फक्त भिंत. सगळ्या गावाला बघायला लावून ती स्वतः मात्र भिंतीआड गेली, आणि बघ्यांचा धंदा भिंतीवरही चालतो.

खाडीच्या काठाला वाळलेल्या समुद्री गवताचे तपकिरी ढीग लागले होते. पोसिडोनिया. दिसायला कचरा, म्हणून पूर्वी उचलायचे. आता मुद्दाम ठेवतात, लाटांनी वाळू वाहून जाऊ नये म्हणून. समुद्राच्या तळाशी याचीच कुरणं आहेत, आणि मोठ्या यॉटना त्यांच्यावर नांगर टाकायला बंदी झाली आहे. श्रीमंतांना इथे नाही म्हणणारं एक गवत तरी निघालं.

वाट एका ठिकाणी फार अरुंद झाली. एका बाजूला नवी कोरी दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला निवडुंग. समोरून सत्तरीपुढची एक बाई काठी टेकत आली, आम्हाला वाट द्यायला थांबली आणि थांबलीच. मुक्ताचं फ्रेंच चांगलं आहे, तिने जमेल तसं सांगितलं: बाईंचं म्हणणं, इथे तीन मीटर नाहीत. ही काठी बरोबर नव्वद सेंटिमीटरची आहे आणि त्यांनी ती जमिनीवर टाकून मोजलं आहे. "बघा!" म्हणत त्यांनी आमच्यासमोर पुन्हा काठी आडवी टाकली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा टाकायला जागाच नाही, पुढे भिंत. बंगल्याच्या मालकाला त्यांनी पत्र लिहिलं होतं. उत्तर त्याच्या वकिलाचं आलं होतं. त्यालाही त्यांनी उत्तर लिहिलं होतं.

मग विचारलं, तुम्ही कुठल्या? मुंबईजवळच्या, असं मुक्ताने सांगितलं. तिथे समुद्र आहे ना, मग काठाने चालता येतं का, भिंती आहेत का, मीटर किती? मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी मरीन ड्राइव्हपासून सुरुवात केली, शिवाजी पार्कची चौपाटी, वरळीचा किल्ला, मग कोस्टल रोडवर आले. मुक्ता भाषांतर करता करता अडखळायला लागली. तेवढ्यात मागून सहा जणांचं एक जर्मन कुटुंब आलं, पाठीवर पोर, हातात फुगवलेला मगर. त्यांना वाट द्यायला आम्ही तिघी निवडुंगात शिरलो आणि बाई काठी उचलून त्या जर्मन बापाला मीटर दाखवायला लागल्या.